बांधून ठेवलेले दार

पिंजरा लावला होता त्या दोन आठवड्यांत खालूंनी साबणाला हात लावला नाही. अंग आणि कपडे नुसत्या पाण्याने धूत, हात वाळूने घासत. खोलीतली माणसे नाक धरू लागली. "खालू, कोल्हिणीच्या आधी आम्हीच खलास होऊ," असे एकाने म्हटले. खालू म्हणाले, "तू पिंजऱ्यात शिरनार असशील तर लावतो साबन."

खालू रत्नागिरीकडचे. कतारमध्ये मेसईदला आमच्या कंपनीच्या वसाहतीत माळी होते. वय साठीला टेकलेले. त्यांच्याकडे मावशीच्या नवऱ्याला खालू म्हणतात. हे सगळ्या वसाहतीचे खालू होते. मी तिथला प्रशासन अधिकारी. मला कोणी नात्याने हाक मारली नाही, आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नाही.

नव्वदचे दशक संपत आले होते. त्या हिवाळ्यात एक कोल्हीण वसाहतीत येऊ लागली. कचऱ्याच्या पिशव्या फाटल्या, एका इंजिनिअरची कबुतरे गेली. मॅनेजरांनी विष लावलेले मांस टाकण्याचे ठरवले. त्याचा कागद सहीसाठी माझ्या टेबलावर आला त्या दिवशी खालू न बोलावता ऑफिसात उभे राहिले.

"साहेब, जहर नको. मांजरं मरतील. आनि ती गाभन हाय, मी बघितलीय. मना पंधरा दिस द्या. जिती धरतो आनि लांब वाळूत सोडून येतो."

मी पंधरा दिवस मिळवले. सोळाव्या दिवशी विष, असे ठरले.

पिंजरा मी वर्कशॉपमधून रीतसर करून घेतला. कंपनीच्या नियमाप्रमाणे त्याला गंजरोधक रंगाचा हात दिलेला होता आणि वरून झगझगीत पिवळा रंग. खालूंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "छान झालाय. कोल्हिनीला हेल्मेटपन द्यायचं काय?" पुढचे दोन दिवस ते तो रंग वाळूने खरवडत होते. मग शेळ्यांच्या गोठ्यातली माती त्यांनी पिंजऱ्याला चोळली आणि तळ वाळूत पुरला.

त्यांची पद्धत मला सुरुवातीला कामचुकारपणाची वाटली. मांस लावलेला आकडा ओढला गेला की पिंजऱ्याचे वरचे दार खाली पडे. खालूंनी ते दार सुतळीने वरच बांधून टाकले. कोल्हिणीने यावे, खावे, जावे. आकडा रोज एक वीत आत सरकवायचा. रोज एकाच वाटेने जायचे, एकाच वेळी, त्याच चपला घालून. सकाळी ऑफिसच्या आधी मी त्यांच्यासोबत जाऊ लागलो. त्यांनी मला पावले वाचायला शिकवले. कुत्र्याचा माग इकडेतिकडे भरकटतो, कोल्हिणीचा टाका घातल्यासारखा सरळ जातो. "धरायचं काम शेवटच्या दिसाचं, साहेब. आधी तिचा भरोसा बसला पायजे."

बाराव्या दिवशी आकडा पिंजऱ्याच्या मध्यावर होता. आत फक्त पुढच्या पायांचे ठसे होते. "अजून दोन दिस," खालू म्हणाले. मॅनेजर रोज फोन करीत होते. हो-नाही सांगून मी थकलो होतो. तो शुक्रवार होता. दुपारी खालू नमाजला गेले असताना मी गेलो आणि सुतळी सोडली.

शनिवारी सकाळी दार अर्धवट अडकून लोंबत होते. ते कोल्हिणीच्या पाठीवर पडले असावे. मागचे अर्धे अंग बाहेर असल्यामुळे ती निसटली होती. गजाला केस होते, थोडे रक्त होते. खालूंनी वाळूतले बुटांचे ठसे पाहिले, मग माझे बूट पाहिले.

"सुतळी कोनी सोडली?"

"मी."

त्यांनी दार वर केले, पुन्हा बांधले आणि आकडा पार तोंडाशी आणून लावला. ते मांस तिसऱ्या दिवशीही तसेच होते.

सोळाव्या दिवशी मी विषाच्या कागदावर सही केली. आठवडाभरात पाच मांजरे मेली. कोल्हीण कुंपणाच्या मेंदीखाली सापडली. खालूंनी सगळ्यांना एकट्याने पुरले. मी फावडे घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, "राहू द्या, साहेब. झालं." त्यानंतर ते साबण लावून कामावर येऊ लागले. माझ्याशी पूर्वीइतक्याच अदबीने वागले. त्यांनी मला दोष दिला असता तर मला ते सोयीचे झाले असते.

पुढच्या उन्हाळ्यात वयामुळे त्यांचा व्हिसा वाढला नाही. दोह्याच्या बसपर्यंत मी सोबत गेलो. बसमध्ये चढताना ते म्हणाले, "थंडीत दुसरा येईल. ती जागा रिकामी ऱ्हात नाय. इन्शाल्ला, तुमी धराल."

दुसरा आला. मी मॅनेजरांकडून महिना लेखी मागून घेतला आणि रोज एकटा गेलो. तेविसाव्या दिवशी सुतळी सोडली. चोविसाव्या दिवशी पिंजऱ्यात धडधाकट नर होता. पिकअपमध्ये पिंजरा घालून मी दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत गेलो आणि दार उघडले. तो बाहेर येईना. कोपऱ्यात अंग चोरून माझ्याकडे पाहत राहिला. ऑफिसची वेळ झाली, मग टळली. मी गाडीच्या सावलीत खाली वाळूवर बसलो आणि त्याच्याकडे पाठ केली.