पालथी नाव

वही उघडून मी विचारलं, "नाव काय?"

"पालथी पडलीय तिकडं," ती म्हणाली आणि वाळूकडे हात केला.

गंगेच्या कोरड्या पात्रात खरोखरच एक नाव पालथी पडली होती. मी आवाज चढवला, "तुझं नाव विचारून राहिलो, बाई."

"मग तसं म्हणावं की. माझं न्हाई पडलं अजून."

बेटावरच्या बायका हसल्या. मी हसलो नाही. टेपरेकॉर्डर, ट्रकची बॅटरी आणि स्पीकर बैलगाडीत घालून, तापल्या वाळूतून मी आलो होतो ते थट्टा करून घ्यायला नव्हे. गयामायची आणि माझी ओळख झाली ती अशी.

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. नांदेडकडे, उमरीच्या बाजूला तिच्या पात्रात एक बेट आहे, त्यावर पन्नासेक घरं. एरवी नावेशिवाय तिथं पाऊल टाकता येत नसे. ती नाव आधी गयामायचा नवरा चालवायचा. तो वारल्यावर वल्हं हिनं हातात घेतलं. वल्हवताना ती गायची आणि नावेत बसलेले सगळे झील धरायचे, म्हणजे तिची ओळ मागून म्हणायचे. त्या साली पाऊस दडी मारून बसला, गंगा आटली, माणसं पायीच ये-जा करू लागली आणि नाव वाळूत उलटी पडली.

मी गेलो होतो माझ्या कामासाठी. लातूर नुकता जिल्हा झाला होता. जिल्हा झाल्याच्या सभेसाठी चार दिवस खपून मी चौकाचौकात कर्णे बांधले होते. आदल्या दिवशी कुणाचा तरी निरोप आला आणि माझे कर्णे उतरवून दुसऱ्याचे चढवले गेले. सभेत आभारही त्याचेच मानले. सायकलवर रेडिओ दुरुस्त करत फिरलेला मी, लातूरच्या गोलाईच्या बाजारात स्वतःचं दुकान टाकलेला मी, गर्दीत उभा राहून दुसऱ्याचं नाव माझ्याच खांबांवरून ऐकत होतो. त्याच दिवशी ठरवलं, आपल्या नावाची कॅसेट काढायची. वर ठसठशीत छापायचं, 'निर्माता : काशिनाथआप्पा'. गाणारी एकच आणि साथीला गिटार, असं मराठवाड्यात तोवर कुणी केलं नव्हतं. गिटार वाजवणारा जसवंत नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात होता. उमरीच्या लग्नात त्यानं गयामायला ऐकलं होतं. ड्रमवाल्यानं आयत्या वेळी दगा दिला म्हणून आम्ही दोघंच आलो.

सौदा सुरू झाला. मला ती एकटी हवी होती.

"एकलीच वरडाया मी काय टिटवी हाय?" ती म्हणाली. "झील पायजे."

"बरं, दोन बायका घे."

"समदं बेट."

"चार घे. टेपच्या पेटीत मावायला पाहिजे आवाज."

"आप्पा, नावेत मावतंय बेट, अन् तुमच्या पेटीत मावंना व्हय?"

मी उठून गाडीपर्यंत गेलो. बाजारात ही युक्ती हमखास चालते, माणूस मागून हाक मारतो. तिनं मारली नाही. ती शेंगा सोलत बसली. मीच परत आलो. एवढ्या आयुष्यात उठून गेल्यावर आपल्याच पायांनी परत येण्याची ती एकच वेळ.

तिला अख्खं बेट का हवं होतं, ते मला मागाहून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक येणार होता. निम्मं बेट त्यात बसून जाणार होतं.

जसवंतनं गिटार जुळवली आणि चालता चालता पालथ्या नावेवर सहज थाप मारली. असा आवाज निघाला की तो दोन पावलं मागं सरला. "आप्पा, ड्रमवाला नहीं आया, अच्छा हुआ," तो म्हणाला. मग बेटावरचे चार गडी नावेभोवती बसले आणि तिच्या पोटावर तळहातांनी ठेका धरू लागले. त्यावर गिटार, त्यावर गयामायचा फाटका, उंच आवाज आणि मागून अख्ख्या बेटाची झील. माझ्या कानांना पटलं, पण तोंडानं मी कबूल केलं नाही.

अडलं ते शेवटच्या ओळीला. गाण्याच्या शेवटी गाणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं, ही सगळ्यांची रीत. गयामाय दर गाण्यात दुसऱ्याचंच नाव घाली. पहिल्यात जावेचं, दुसऱ्यात तिच्या लेकाचं, तिसऱ्यात आदल्या साली गेलेल्या कुणाचं तरी. दर वेळी गाणं थांबवून ती बायकांशी मसलत करी, "आता कुणाचं ऱ्हायलं?" बॅटरी उतरत होती. सातव्या गाण्याला माझा तोल गेला.

"तुझं घाल की तुझं! कॅसेट तुझ्या एकटीची हाय. ऐकणारे म्हणतील सात जण गायले. फसवलं म्हणतील मला."

"तोडीला जाणाऱ्याचं नाव तोंडात ठिवावं," ती शांतपणे म्हणाली. "न्हाईतर परत आल्यावर घरबी वळखत न्हाई."

"नावाचं मला नको सांगू," म्हणून मी भडकलो आणि भर वाळूत ते कर्णे, ती सभा, तो दुसरा माणूस, सगळं ओकलो. जसवंत तारांकडे बघत राहिला.

"एवढं मनात धरून राहिलाव व्हय?" ती म्हणाली. "चला, शेवटचं घ्या."

आठवं गाणं झालं. माझं सगळं लक्ष टेपच्या काट्याकडे होतं, कारण बॅटरी आता जाते की मग जाते, असं चाललं होतं. गाणं पुरं झालं आणि काटा पडला. सकाळी ट्रक आला. ज्यांनी ठेका धरला होता तेच चौघं पहिले चढले.

लातुरात येऊन मी दुकानात टेप लावली. आठव्या गाण्याची शेवटची ओळ आली :

*काशिनाथाच्या पेटीत, माझं बेट गं बोलतं.*

मागून सगळं बेट तेच म्हणत होतं. काशिनाथाच्या पेटीत. एकदा, दोनदा, तीनदा. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि बसून राहिलो.

कॅसेट बरी खपली. मी म्हणालो होतो तसंच झालं. "एकटीची म्हणता अन् नावं आठ?" असं विचारत गिऱ्हाइकं भांडायला आली. मी एकाशीही भांडलो नाही.

पुढच्या पावसाळ्यात गंगा भरून आली. मी बेटावर गेलो तेव्हा नाव सुलटी होऊन पाण्यावर होती आणि वल्हं गयामायच्या हातात होतं. नाव सुलटी असेतोवर तसा ठेका वाजणार नव्हता, आणि आता तर मीच तिच्यात बसलो होतो.

"माझं नाव कामून घातलंस?" मी विचारलं.

"लई जड झालतं तुमाला," ती पैलतीराकडे बघत म्हणाली. "म्हून नावेत घातलं. नाव वाहून नेती."

काही वर्षांनी जसवंतच्या पत्रातून ती गेल्याचं कळलं. ऊसतोडीहून परतलेल्या माणसांनी तिला नावेतूनच पलीकडे नेलं आणि वाटेत तीच गाणी म्हटली, असं त्यानं लिहिलं होतं. त्या सभेतल्या माणसाचा राग माझ्यात अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण एवढं लिहून झालं आणि त्याचं नाव कुठं घालावंसं वाटलं नाही.

गयामायच्या आठ गाण्यांत तिचं स्वतःचं नाव कुठंच नाही. शेवटची ओळ मोकळी सोडू नये, हे मी तिच्याकडूनच शिकलो. म्हणून ती मी भरतो : गयाबाई धोंडिबा, गंगेच्या बेटावरची, नाव चालवणारी.