मावशींनी दिलेली परवानगी

सुट्टीच्या दिवशी सफाईच्या मावशी लॅबमध्ये आल्या की आधी फडकं घेत नसत. प्रत्येक सीपीयूला हाताची मागची बाजू लावून बघत आणि एखाद्यापाशी थांबून म्हणत, "ह्याला कणकण हाय."

तुम्ही म्हणाल, रिकाम्या लॅबमध्ये कॉम्प्युटर तापतील कशाने? मी तापवत होतो. क्रांती चौकाजवळच्या एका खासगी कॉलेजात मी लॅब सांभाळायचो. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं गुपचूप क्रिप्टोची आभासी नाणी कमवायच्या कामाला जुंपायचो. ती दिवसभर आकडेमोड करत, कमाई माझी आणि वीज कॉलेजची. सरळ चोरी होती ती. तेव्हा मी तिला हुशारी म्हणायचो.

अडचण एकच, अँटिव्हायरस. तो इमानाने लाल चौकट दाखवायचा, धोका आहे म्हणून इंग्रजीत बजावायचा आणि माझा प्रोग्राम अडवायचा. कितीही वेळा सूट द्या, अपडेट आलं की पुन्हा हजर. रविवारी मी वैजापूरला घरी असायचो आणि लॅब झाडायला मावशी यायच्या. मग मी त्यांनाच शिकवलं, लाल चौकट आली की खालचं दुसरं बटण दाबायचं.

इतकी वर्षं त्यांनी माउस पुसला होता, धरला नव्हता. त्या दिवशी पदराला हात पुसून धरला, पडद्यावरचा बाण भलतीकडे पळाला, तशा लाजून हसल्या. महिन्याभरात तरबेज झाल्या. रविवारी फोन यायचा, "सर, आज चार आले व्हते. चारींना परवानगी दिली." कॅन्टीनमध्ये सांगत सुटायच्या, की मी आता नुसतं झाडत नाय, व्हायरसचंबी बघते. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून तर मी त्यांना निवडलं होतं. हे लिहितानाही मान खाली जाते.

मग ऐन प्रात्यक्षिक परीक्षेत एक मशीन जळालं. बाहेरून बोलावलेल्या इंजिनिअरने प्रोग्राम शोधून काढला. तो कुणी टाकला हे त्याला कळलं नाही, पण परवानग्या सगळ्या रविवारच्या निघाल्या. प्राचार्यांनी मावशींना बोलावलं. मीही तिथंच उभा होतो. कुणाची तरी नोकरी जाणार हे उघड होतं.

मी घाईघाईने म्हणालो, "साहेब, मावशींना यातलं काही कळत नाही. चुकून दाबलं गेलं असेल." वाटलं, दोघंही सुटलो.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, फार दुखावल्यासारखं. मग प्राचार्यांना म्हणाल्या, "चुकून नाय, साहेब. मला येतं ते."

कुणी शिकवलं, असं प्राचार्यांनी दोनदा विचारलं. त्या खाली बघत राहिल्या. मीही. दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर नव्हत्या.

दोनेक महिन्यांनी मी गंगापूरला गेलो. तिथं त्या लेकीकडे राहायला गेल्या होत्या. सगळं सांगून पाय धरायचे, असं ठरवूनच गेलो होतो. मावशींनी सतरंजी टाकली, लेकीला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "हेच ते सर. कॉम्प्युटर यांनीच शिकवला मला." चहा आला. मी तो प्यायलो. दुसऱ्यांदा चहा आला, तोही प्यायलो.

निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि लेकीला ऐकू जाणार नाही अशा बेताने हळूच विचारलं, "सर, त्या लाल चौकटीत लिवलेलं काय असायचं हो?"

"विशेष काही नाही, मावशी," मी म्हणालो आणि चपला शोधायला लागलो.