येतों म्हणा

तंजावरला माझी बदली झाली सत्तावन्न साली. विमा कंपन्या नुकत्याच सरकारी झाल्या होत्या, आणि सरकारी माणसाला कुठेही पाठवता येतं हा शोध वरिष्ठांना नव्यानंच लागला होता. वेस्ट मेन स्ट्रीटच्या एका गल्लीत सांबशिवरावांकडे मला पुढची खोली मिळाली. मराठी घर, मराठी जेवण, म्हणून मी खूश होतो. जेवणात रसम आलं आणि मराठीत तमिळ आलं, तेव्हा जरा सावध झालो.

पहिल्याच सकाळी जाग आली ती भांडणाच्या आवाजानं.

"जातों!" दारातून सांबशिवराव ओरडले.

"येतों म्हणा!" स्वयंपाकघरातून भागीरथीबाई ओरडल्या.

"जातों म्हणजे जातों!"

"अहो, येतों म्हणा की!"

मग सायकलची घंटा आणि सामसूम. नवी जागा शोधावी लागणार असं मनाशी म्हणत मी बाहेर आलो. बघतो तर भागीरथीबाई देवघरासमोर उभ्या. हात जोडून, खालच्या आवाजात, शेजारणीला निरोप द्यावा तशा देवाला सांगत होत्या, "येतों असंच म्हणायचं होतं हो त्यांना." मग पदर सावरून माझ्याकडे वळल्या. "कापी घेणार ना तुम्ही?"

हे भांडण नव्हतं, हा त्या घरातला नित्यक्रम होता. त्यांच्या लग्नाइतकाच जुना.

घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याकडेही आहे. तंजावरात त्याला दुहेरी पहारा. कारण तमिळ माणूसही 'जातो' म्हणत नाही. 'पोयट्टु वर्रेन', म्हणजे जाऊन येतो, असंच म्हणतो. सांबशिवराव दोन्ही भाषांत नियम मोडत. कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, दुकानातून उठताना नुसतंच 'पोरेन', जातो, म्हणत, आणि दुकानदार कानांवर हात ठेवत म्हणे, "सामी, असं बोलू नका, सकाळची वेळ आहे."

सांबशिवराव नास्तिक होते. नावात अंबेसकट शंकर घेऊन हिंडणारा हा नास्तिक. कुणी त्यावरून चिडवलं तर म्हणत, "नाव बापानं ठेवलं, मत मी ठेवलं." नोकरी रेल्वेत, तंजावर स्टेशनावर तिकीट-खिडकीत. त्यामुळे त्यांचा युक्तिवादही तिकिटाचा होता. "मी जातों आहे. येईन की नाही ते पुढचं पुढे. आत्ता निघणाऱ्या माणसाला रिटर्न तिकीट कशाला? आणि दिलं, तर परतीची गाडी कुणाच्या हातात आहे?"

तो काळच नास्तिकांचा होता. चौकाचौकांत सभा होत, काळे सदरे घातलेले तरुण देवाला पुरावा मागत. सांबशिवराव मोठ्या उत्साहानं एका सभेला गेले. घोटीव इस्त्रीचा पांढरा सदरा, अंगावर जानवं नाही, खिशात स्वतःचे चार मुद्दे लिहिलेला कागद. स्वयंसेवकानं त्यांचा चेहरा, त्यांचं कपाळ, त्यांची बोलण्याची ढब पाहिली आणि आदरानं बाजूची खुर्ची दाखवली, "सामी, तुम्ही इथे बसा." सामी म्हणजे देव. ब्राह्मणाला हाक मारायचा तिकडचा शब्दच तो. देव नाही हे ऐकायला गेलेल्या माणसाला तिथे सगळ्यांनी संध्याकाळभर देव म्हटलं. पुन्हा ते गेले नाहीत. मग त्यांची सभा भरे ती घराच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, आणि विरोधी पक्षात असत त्यांचे मेहुणे सीतारामराव.

सीतारामराव भागीरथीबाईंचे थोरले भाऊ. कलेक्टर कचेरीतून निवृत्त, दोन घरं पलीकडे राहत. कपाळाला गंध, हातात पेपर.

"भावोजी," ते सुरुवात करत, "तुमचा देवावर विश्वास नाही. मग रोज संध्याकाळी बाजारातनं देवाला फुलं कोण आणतो?"

"मी आणतों. फुलं आहेत हे मला मान्य आहे."

"आणि ती कुणाला वाहतात?"

"ते तुझ्या बहिणीला विचार. माझं काम माल पोचवण्याचं. डब्यात काय आहे ते रेल्वे बघत नाही."

"बरं, मग इतकी माणसं देवाकडे जातात ती वेडी?"

"घाबरट. वेडी नव्हेत. पोराला परीक्षा म्हणून, पोटात दुखतं म्हणून, पाऊस नाही म्हणून. कावेरी भरून वाहते तेव्हा देवळात गर्दी किती असते, मोज एकदा."

"मी तर भरल्या पोटीही जातों."

"तू सवयीनं जातोस. कचेरीत जायचास तसा. तिथेही तुझं काही काम नसायचंच."

मी हसलो की दोघंही माझ्यावर उलटत. "विमेवाले, तुम्ही हसू नका," सांबशिवराव म्हणत, "तुमचं दुकान आणि देऊळ एकाच भीतीवर चालतं. पण तुम्ही निदान पावती देता."

एकदा मी भागीरथीबाईंनाच विचारलं. त्या उंबऱ्यात बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. "तुम्ही सांगा. माणसं देवाकडे का जातात?"

त्यांनी हातातली शेंग मोडली. "बाकीच्यांचं मला काय ठाऊक. मला कुणाला तरी सांगायला लागतं. आज दूध उतू गेलं, आज कंबर धरली, आज आईची आठवण आली. ह्यांना सांगायला जावं तर हे म्हणणार, पुरावा काय. तो आपला ऐकून घेतो."

"तो ऐकतो हे कशावरून?" सांबशिवराव तिण्णैवरून.

"मधे बोलत नाही ह्यावरून," भागीरथीबाई म्हणाल्या आणि शेंगा घेऊन आत गेल्या.

सीतारामरावांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर बराच वेळ हलत होता.

पुढच्या वर्षी पोंगल झाल्यावर भागीरथीबाईंचं पोट दुखायला लागलं. आधी त्यांनी ते नेहमीप्रमाणे देवाला सांगितलं, त्यामुळे आम्हाला उशिरा कळलं. तंजावरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोटात गाठ आहे, ऑपरेशन मद्रासला करा, थांबू नका. गाठ कसली ते उघडल्यावर कळेल.

सीतारामरावांनी पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मेला नवस बोलला. सांबशिवराव काही म्हणाले नाहीत. एरवी ह्या एका नवसावर त्यांनी तीन संध्याकाळी काढल्या असत्या. ते बोलले नाहीत तेव्हा मला प्रथम भीती वाटली.

मला ऑफिसच्या कामासाठी मद्रासला जायचं होतंच. मी त्यांच्याबरोबर निघालो. निघताना दारात भागीरथीबाईंनी देवघराकडे वळून म्हटलं, "येत्यें हो." तो शेवटचा नाकातला सूर तंजावरनं अजून जपून ठेवला आहे, पुण्यात तो कधीच हरवला. सांबशिवराव ट्रंक उचलून सरळ रस्त्यावर उतरले. त्या दिवशी त्यांनी 'जातों' म्हटलं नाही. 'येतों'ही म्हटलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी भागीरथीबाईंना ढकलगाडीवर निजवून आणलं. अंगावर इस्पितळाचा हिरवा झगा, केसांतली फुलं काढलेली, नाकातली मोरणी काढून सांबशिवरावांच्या खिशात ठेवलेली. इंजेक्शन दिलेलं असल्यामुळे डोळे जडावले होते. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी गाडी जरा थांबली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि हसल्या.

"बरं. जात्यें मी."

"काय?" सांबशिवराव म्हणाले.

"जात्यें म्हणाल्यें. तुमच्यासारखं. एक दिवस तरी तुमच्या मनासारखं म्हणावं..."

गाडी हलली. आणि तंजावरच्या तिण्णैवर वीस वर्षं देवाला पुरावा मागणाऱ्या त्या माणसानं गाडीची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"येत्यें म्हण! अग, आधी येत्यें म्हण!"

नर्स घाबरली. हा माणूस ऑपरेशनला नकार देतो आहे असं तिला वाटलं. तिनं मला तमिळमध्ये विचारलं, ह्यांना काय हवं आहे? मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, बाईंनी 'जाते' म्हटलं, 'येते' म्हणायचं राहिलं. मला वाटलं, आता मला वेड्यात काढणार. पण तिचा चेहराच बदलला. ती भागीरथीबाईंच्या कानाशी वाकली आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "अम्मा, असं म्हणतात का कुणी? पोयट्टु वर्रेन म्हणा. म्हणा अम्मा."

अम्मांचे डोळे मिटले होते. नर्सनं सांबशिवरावांची बोटं हळूच एकेक करून दांडीवरून सोडवली. गाडी आत गेली आणि दार बंद झालं.

बाहेर एक लांबट बाक होता. त्यावर आम्ही बसलो. शेजारी एक म्हातारी पुटपुटत जपमाळ ओढत होती, पलीकडे एक टोपीवाले गृहस्थ डोळे मिटून ओठ हलवत होते. प्रत्येकाचं काहीतरी चाललं होतं. रिकामे आम्ही दोघंच.

बऱ्याच वेळानं सांबशिवराव म्हणाले, "विमेवाले, ह्या लोकांची सोय आहे. मी जन्मभर खिडकीत बसलों. माणूस यायचा, वाकून विचारायचा, गाडी आहे का, जागा आहे का. मी नाही म्हटलं तरी विचारल्याचं समाधान घेऊन जायचा. आज मला विचारायचंय. आणि खिडकीच नाही."

मी काय बोलणार? मी विम्याचा माणूस, अशा वेळी आमची तोंडं बंद ठेवायची असतात.

"माझे वडील कुंभकोणच्या महामहमाला गेले होते," ते पुढे म्हणाले. "बारा वर्षांनी येणारं ते स्नान. मी लहान होतों. निघताना डोक्यावर हात ठेवून 'येतों' म्हणाले. मी तो शब्द धरून तिण्णैवर बसलों. आई जेवायला बोलवायची, मी उठायचों नाही. तिकडे कॉलऱ्याची साथ आली होती. मागाहून कुणीतरी त्यांचं उपरणं आणून दिलं. तेव्हापासून हा शब्द मी तोंडात घेतला नाही. खोटा शब्द आहे तो. पाळायची ताकद नसताना दिलेला."

"मग आज..."

"हो. तेच मलाही कळत नाही. तो शब्द खोटा पडतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरी तिच्या तोंडून हवा होता."

ते उठले. मला वाटलं फेरी मारायला निघाले. पण ते त्या बंद दारापाशी जाऊन उभे राहिले. हात जोडले नाहीत, मान वाकवली नाही. चुकीचं तिकीट दिलं गेलं की प्रवाशाला दुरुस्तीला बोलवावं तशा, जरा संकोचलेल्या, जरा अधिकाऱ्यासारख्या आवाजात ते म्हणाले,

"येत्यें असंच म्हणायचं होतं तिला."

आणि परत येऊन बसले. मी रस्त्याकडच्या खिडकीतून बाहेर बघत असल्याचं दाखवलं.

दुपार कलली तेव्हा डॉक्टर आले. गाठ साधी होती. निघाली सगळी. सांबशिवराव 'बरं, बरं' असं पुन्हा पुन्हा म्हणाले आणि खिशातली मोरणी चाचपत राहिले.

संध्याकाळी भागीरथीबाई शुद्धीवर आल्या. ओठ सुकलेले, आवाज जवळजवळ नाहीच. सांबशिवराव तोंडाशी कान घेऊन वाकले.

"आल्यें," त्या म्हणाल्या.

सांबशिवरावांनी मान हलवली. मग चष्मा काढून, तो पुसायला बाहेर गेले. चष्मा इतका मळलेला असेल असं मला वाटलं नव्हतं.

तंजावरला परतल्यावर हा सगळा वृत्तांत सीतारामरावांना कसा कळला ते मला ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे, पण जाऊ द्या. तिण्णैवर ते तयारच बसले होते.

"भावोजी, ऐकतों ते खरं? तुम्ही प्रार्थना केलीत म्हणे!"

"कोण म्हणतो?" माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष. "मी दाराशी बोललों."

"दाराशी!"

"दार होतं. सागवानी, पितळी मुठीचं. दार आहे हे सिद्ध करता येतं. तुझं तसं आहे का?"

"आणि दारानं ऐकलं?"

"उघडलं तरी," सांबशिवराव म्हणाले. मग वेगळ्याच आवाजात, "सीताराम, तुझा नवस फेडायचा असेल तेव्हा सांग. पुन्नैनल्लूरची बस मला ठाऊक आहे. मी येतों बरोबर. बाहेर चपला सांभाळीन."

सीतारामरावांनी पेपरची घडी घातली. वादात ते हरले की जिंकले हे मलाही ठरवता आलं नाही. देव असतो की नसतो, ह्यावर माझ्याजवळ त्यांच्यापेक्षा जास्त पुरावा नाही. एवढं मात्र त्या बाकावर मला कळलं, की माणूस देवाकडे जातो तो मागायलाच असं नाही. दुसऱ्याचं राहून गेलेलं सांगायलाही जातो. समोर देव आहे की सागवान, हा प्रश्न तेव्हा त्याच्या मनातही नसतो.

रजा संपून सांबशिवराव कामावर निघाले ती सकाळ माझ्या लक्षात आहे. भागीरथीबाई हळूहळू चुलीपाशी वावरू लागल्या होत्या. सांबशिवरावांनी डबा घेतला, धोतराला क्लिप लावली, सायकल पायरीवरून उतरवली. सीतारामराव तिण्णैवर पेपर उलटा धरून बसले होते. मी दाढी करायचा थांबलो. सगळी गल्लीच कान टवकारून होती असं मला वाटतं.

सांबशिवरावांनी खाकरून घसा साफ केला.

"ड्यूटी दोनला संपते," ते आतल्या दिशेनं मोठ्यानं म्हणाले. "सव्वादोनला घरी येणार आहे."

आत पळी थांबली.

"बरं. मग येतों म्हणा."

"तेच म्हणालों ना!"

"नाही. तुम्ही वेळापत्रक म्हणालांत."

सायकलची घंटा वाजली, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मग भागीरथीबाई पोटाशी हात धरून देवघरापाशी आल्या. आज काय निरोप देतात म्हणून मी कान देऊन ऐकलं. आज त्यांना नवऱ्याच्या वतीनं काही दुरुस्त करावं लागलं नाही.

"सव्वादोनला येतायत हो," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी सांबशिवराव सव्वादोनला पाच कमी असतानाच दारात हजर झाले. रेल्वेतलं काही वेळेआधी आलेलं माझ्या आयुष्यात मी तेवढंच पाहिलं.