माड नसलेला फोटो

परवा पेटीत तो फोटो सापडला: मागे वाळवंट थेट समुद्रात उतरलेलं, पुढे काळा चष्मा लावलेला तरुण. ऐंशीच्या दशकात आखातातून ताईला बघायला आला, तेव्हा त्यानं तो मोठ्या ऐटीत पुढे केला. आत्याचे डोळे बारीक झाले. "समुद्र आसा आणि माड एकय नाय? हयच आचऱ्याच्या किनाऱ्यार, माड चुकवून काढलेलो दिसता!" झालं, लग्न तिथंच अडलं. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. "तिकडे कॅम्पात रोज डाळच," म्हणत पाहुण्यानं अकरा बांगडे काटे चोखून संपवले. आत्या विरघळली. "खरोच वाळवंटात होतो रे ह्यो!" तेवढ्यात दाराआडून ताई कडाडली, "मगे माका थंय कित्याक धाडतास?" लग्न थाटात झालं. ताई आजवर तिकडे गेलेली नाही. वर्षभरात नोकरी सोडून भावोजीच इकडे आले.