कठड्यावरचा घास

कॉलेजच्या फाटकाशी भेळेची गाडी लागते. चिंचेच्या चटणीचा आणि चिरलेल्या कांद्याचा वास आला की मी पलीकडून जातो. माझ्या मॅट्रिकच्या वर्षी, पितृपक्षात, वडील आणि मी आमच्या कापडे गावाहून मुंबईला गेलो होतो. थोरला भाऊ तिथे गिरणीत होता. खोलीवरचे गाववाले एवढेच सांगत होते की तो सहा महिन्यांपूर्वी कामावर गेला, तो परतलाच नाही. तीन दिवस आम्ही इस्पितळे आणि पोलीसचौक्या पालथ्या घातल्या. चौथ्या दिवशी दुपारी वडिलांनी चौपाटीवर दोघांना भेळ घेतली. समोरच्या उंच इमारतींच्या काचा उन्हात चमकत होत्या. वडिलांनी पहिली चिमूट उचलली आणि तोंडात न घालता कठड्यावर ठेवली. आमच्याकडे असा घास फक्त गेलेल्या माणसासाठी काढतात, आणि कावळा शिवेपर्यंत कुणी जेवत नाही. "क्या चाचा, कौवे को भी दावत?" भेळवाला हसला. मी घाबरून म्हणालो, "आबा, उचला तो. दादा हाय अजून." ते म्हणाले, "आसंल तर कावला शिवायचा नाय रे." त्यांचे बोलणे संपते न संपते तोच कावळ्याने घास उचलला. वडील तिथेच खाली बसले आणि भेळ खाऊ लागले. आई अजून रोज दादाची भाकरी राखून ठेवते. मुंबईचे कावळे कुणाचाही घास उचलत असतील, असे मी मनाला समजावतो. पण त्या दुपारचे तिला सांगायचे धाडस मला अजून झालेले नाही.