आठ निळ्या रेघा

नदीवरच्या त्या तीन मजली प्रवासी बोटीवर तुंबलेल्या मोऱ्या, बेसिनं आणि पाईप साफ करायचं काम एकच माणूस करी. सगळे त्याला मोकळेकाका म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हे. पाणी गटगट करत वाहायला लागलं की पाना खिशात टाकून तो "झालं मोकळं" म्हणायचा, त्यावरून पडलेलं नाव.

काकाचा तोरा मोठा होता. पाईपचा बेंड उघडून तुंबलेला गोळा तो वर्तमानपत्रावर घ्यायचा आणि चष्मा सावरून चक्क वाचायचा. आचारी मोरीत चरबी ओतत नाही म्हणून आणाभाका घेई, तेव्हा काका गोळ्यातली चरबी दाखवून त्याची बोलती बंद करी. दर एक तारखेला सगळ्या मोऱ्यांत जंतुनाशकाची निळी पावडर पडे. गोळ्यात तिच्या रेघा उमटत आणि त्या मोजून काका सांगे, हा अमुक महिन्यांचा ऐवज आहे. माणसं थापा मारतील, मोरी मारणार नाही, असं वर ऐकवायचा.

बायकोही बोटीवरच कामाला होती, चादरी धुवायची, इस्त्री करायची. खालच्या डेकवर, इंजिनाशेजारी दोघांची खोली, कोपऱ्यात मोरी. तिचे केस कमरेपर्यंत, त्यामुळे मोरी तुंबायची. आणि इथे आपला कारागीर पक्का आळशी. दिवसभर लोकांचे बेंड उघडून कंटाळलेला, तो घरच्या मोरीत नुसती सळई खुपसून गोळा पुढे ढकलायचा आणि वर तिलाच बोलायचा, की तुझे केस एक दिवस बोट बुडवणार. ती हसायची. पुढे मोरी दर आठवड्याला तुंबायला लागली, तरी तो तेच बोलायचा आणि ती तशीच हसायची.

मग शहरात राहणारी लेक चार दिवस राहून गेली आणि त्याच आठवड्यात बायकोने केस मानेपर्यंत कापून टाकले. तुमची कटकट मिटली, म्हणाली. काका खूश. बायको असावी तर अशी, हे भटारखान्यात जाऊन सांगूनही आला.

दोन महिन्यांनी ती इस्त्रीच्या टेबलापाशीच कोसळली. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात आधी केस जातात, मग ताकद. सहा महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. तीन आठवड्यांत ती गेली.

लेकीने तेव्हा एकच विचारलं होतं, रोज एका खोलीत राहून तुम्हाला कळलं कसं नाही? काका म्हणाला होता, लांब केसांची मोरी तुंबायचीच, वेगळं काही दिसलंच नाही गं. त्यानंतर तिचे फोन कमी झाले. काका मात्र त्या एका वाक्याच्या आधाराने वर्षभर जगला.

यंदा बोट दुरुस्तीला काठावर ओढली आणि जुने पाईप काढायला सुरुवात झाली. खोलीतला पाईप काकाने दुसऱ्या कुणाला काढू दिला नाही. भिंतीमागच्या वळणावर, वर्षानुवर्षं पुढे ढकललेला गोळा अडकून बसला होता. त्याने वर्तमानपत्र पसरलं, चष्मा सावरला.

अलीकडच्या थरांत लांब केस नव्हते; एका निळ्या रेघेपासून ते सुरू होत होते, म्हणजे ते कापण्याचे दिवस. तिथून तो मागे मोजत गेला. आठ रेघा. आठव्या, सगळ्यात जुन्या थरात चार केस, त्यानंतरच्यात बोटभर, मग मूठभर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जाड. दुसऱ्या कुणाच्या खोलीतला गोळा असता तर त्याने एका नजरेत सांगितलं असतं, बाईंना डॉक्टरकडे न्या. काका तिथेच बसून रडला.

मग त्याने लेकीला फोन लावला.

"मी तुला खोटं सांगितलं. दिसत होतं," तो म्हणाला. "आठ महिने दिसत होतं. मी बेंडच उघडला नाही."



"बाबा, केस मीच कापले होते," लेक म्हणाली. "कंगव्यात झुबकेच्या झुबके यायचे. बाबांना सांगू नकोस म्हणून तिने शपथ घातली. मी ती पाळली आणि गाडी पकडून निघून आले. आणि वर तुम्हालाच विचारलं."

काकाला तिचा राग आला नाही.

"तो गोळा कुठाय?" तिने विचारलं.

"समोरच आहे. कागदावर."

"टाकू नका," ती म्हणाली. "मी येतेय."