खो पाठीवर मिळतो

गेल्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका मैदानावर, माझ्यादेखत, माझ्या बायकोला संघातून काढायचा विषय निघाला. विषय काढणारी तिशीतली एक शिक्षिका होती आणि जिल्ह्यातल्या शिक्षिकांच्या खो-खो संघाची कर्णधारही तीच. बायको तिच्याहून वीस वर्षांनी मोठी. बारा जणींच्या यादीत बायकोचं नाव बारावं होतं आणि त्यापुढे पेन्सिलीने काढलेलं एक प्रश्नचिन्ह.

"मॅडम, तुमी पयता चांगल्या," कर्णधार म्हणाली. "पण खो भेटला का उठाले येळ लावता. तेवढ्यात समोरची बाई बडनेऱ्याले पोचून जाते."

तीन आठवड्यांनी अमरावतीच्या शिक्षिकांशी सरावाचा सामना होता. तो झाला की पुढच्या स्पर्धेची यादी पक्की होणार होती. बायको म्हणाली, "बरं." तिचं हे 'बरं' मी पंचवीस वर्षं ऐकत आलोय. लग्न ठरवतानाही ती एवढंच म्हणाली होती.

ती तेल्हाऱ्याची. शाळेत असताना काळ्या मातीवर अनवाणी खेळायची. मग नोकरी, लग्न, मुलांचे डबे, परीक्षेचे गठ्ठे यांत खो-खो कुठल्या कुठे गेला. पंचेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी ती उठली, बूट घातले आणि मैदानावर गेली. घरातली प्रत्येक गोष्ट कुणाची तरी असते, हा खेळ तेवढा तिचा एकटीचा होता. आता तोच जायची वेळ आली होती.

आणि अशा नाजूक प्रसंगी तिच्या मदतीला मी धावलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याच रात्री जेवताना मी हातवारे करून व्याख्यान दिलं. डोळ्यांनी पाहिलं की निरोप मेंदूकडे जातो, मेंदू विचार करतो, मग पायांना हुकूम सुटतो. सरकारी कचेरीतली फाईल जशी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकते, तसंच हे. तुझी फाईल कुठल्या टेबलावर अडते, ते शोधून काढू. बायको म्हणाली, फाईल शोधा, पण आधी ताट उचला.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू झाला. तीस सेंटिमीटरची पट्टी मी वरून उभी धरायची, तिने खाली अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, मी न सांगता सोडली की पकडायची. पट्टी जितकी कमी सुटेल, तितका माणूस चपळ. पहिल्या दिवशी तिने चोविसावर पकडली. मी आलेख काढून फ्रीजवर चिकटवला. आठ दिवसांत ती सतरावर आली आणि मी स्वयंपाकघरात चार पावलं नाचलो. भारतीय विज्ञानाला माझी दखल घ्यावी लागणार, याबद्दल मला शंका उरली नाही. शनिवारी मी मैदानावर गेलो. खो मिळाल्यावर ती पूर्वी उठायची तशीच उठली, अगदी आरामात.

रविवारी सासूबाई तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन तेल्हाऱ्याहून आल्या. त्या दारात बसून शेंगा सोलत होत्या आणि मी पट्टी सोडत होतो. थोडा वेळ पाहून त्यांनी विचारलं, हे काय करून राहिले जवाईबापू? मी सगळं शास्त्र समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरीले खो कुठं भेटते?"

मी म्हणालो, मैदानावर.

"अंगावर कुठं भेटते?"

"पाठीवर."

"मंग डोयाले काहून शिकवून राहिले?"

खो-खोत बसलेल्या खेळाडूला खो देणारी दिसतच नाही. ती मागून येते, पाठीवर हात मारते, 'खो' म्हणते. हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. ऐकलेल्याला आणि शिवलेल्याला माणूस बघितलेल्यापेक्षा लवकर उत्तर देतो, हे तर मी दरवर्षी वर्गात सांगतो, फळ्यावर लिहून देतो. आणि घरी मी आठ दिवस बायकोचे डोळे घासत बसलो होतो. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने शेंगा सोलता सोलता माझी पदवी सोलली. आलेख मीच फ्रीजवरून काढला.

मग सराव पाठीवर आला. मी मागून गुपचूप जायचं, पाठीवर थाप मारायची, 'खो' म्हणायचं, आणि तिने हातातलं काम जसंच्या तसं टाकून तीन पावलं पळायचं. भाकरी थापताना, केस विंचरताना, कपडे वाळत घालताना. एकदा मंडईत मी मोह आवरू शकलो नाही. ती मेथीची जुडी हातात घेऊन थेट कांद्यांच्या ढिगापर्यंत धावली, आणि भाजीवाली मागून ओरडत राहिली की ताई, जुडी घेऊन कुठं चालल्या.

सासूबाई मुक्काम वाढवून राहिल्या आणि प्रशिक्षक झाल्या. मी बायकोला पहाटे पाचला उठवायचो, ते त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केलं. अर्धवट झोपेतल्या माणसाले कोंबडं बी चुकवते, म्हणाल्या. खरंच, पुरती झोप मिळाल्यावर ती दोन दिवसांत सुधारली. खो लागोपाठ देऊ नका, हेही त्यांनीच सांगितलं, कारण मग अंग मोजून बसतं. कधी पाच मिनिटांनी द्या, कधी तासाने. त्या बाईचा मला हेवा वाटू लागला होता.

पण मी माझ्या स्वभावाने घात केला. शेवटच्या चार दिवसांत मला दर वेळी उठून तिच्या मागे जायचा कंटाळा येऊ लागला. मी सोफ्यावर बसूनच 'खो' ओरडायचो. आणि ती उठायची. काय उठायची. मी खूश, ती खूश. सासूबाई त्या दिवसांत नेमक्या गावी गेल्या होत्या.

सामन्याच्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. बारा शिक्षिका, तिखट पुऱ्यांचे डबे आणि एक नवरा. बडनेऱ्याला उतरून ऑटोने अमरावतीला मैदानावर पोचलो. समोरच्या संघात एक उंच बाई होती, वय चाळिशीच्या आसपास. ती खांबाला असा वळसा घालायची की मी शत्रुपक्षाचा असूनही टाळ्या वाजवल्या. तिला धरणं कुणालाच जमेना.

बायको चौथ्या चौकोनात बसली होती. तिच्या मागून आमची एक शिक्षिका धावत आली. उंच बाई बायकोच्या समोरूनच जात होती. हीच वेळ होती. मागचीचा हात वर झाला, अजून पाठीला लागला नव्हता, आणि मी, रेषेबाहेर बसलेला मी, सबंध छातीने ओरडलो, "खो."

बायको उठली. इतकं सुंदर उठताना मी कुणालाच पाहिलेलं नाही. धनुष्यातून बाण सुटावा तशी. फक्त हात लागण्याआधी. पंचांची शिट्टी वाजली, आमच्या पाठलागाची दिशा उलटली, आणि ती उंच बाई उभी राहून श्वास घेऊ लागली.

मी तोंडावर हात ठेवला. दोन मिनिटांनी तो हात कधी निघाला, मला कळलं नाही. पुन्हा माझा 'खो', दुसरी शिट्टी.

कर्णधार चालत माझ्याकडे आली. धावत आली असती तर बरं वाटलं असतं.

"सर, तुमी आमच्याकडून हा का त्यायच्याकडून?" मग फाटकाकडे बोट. "तिकडं बाहेर संत्र्याची गाडी हाय. तिथं थांबा."

मी जाताना बायकोकडे पाहिलं. ती परत बसली होती, नजर समोर. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या प्रश्नचिन्हाच्या जागी आता काट मारली जाणार, आणि ती मीच मारली, असं वाटलं.

संत्रीवाल्या बाईने मला बसायला रिकामं खोकं दिलं आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. मंग घरी काहून नाई थांबले, म्हणाली. मी संत्री सोलत राहिलो. भिंतीपलीकडून 'खो' ऐकू येत होते, वेगवेगळ्या गळ्यांतले, पण उठणारीचा आवाज होत नाही, त्यामुळे त्यातल्या कोणत्या 'खो'वर माझी बायको उठली ते कळत नव्हतं. मध्येच मोठा गलका झाला. कुणाचा, तेही कळलं नाही.

मग फाटकातून आमच्या बाया बाहेर आल्या. कर्णधार पुढे.

"मॅडम पक्क्या," ती मला म्हणाली. उंच बाईला शेवटच्या मिनिटात बायकोने धरलं होतं, आणि तिच्या चुकीची शिट्टी पुन्हा एकदाही वाजली नव्हती. "पण एक अट हाय. स्पर्धेले सर येणार नाईत."

बाया हसल्या. बायकोचे गुडघे मातीने भरले होते, अंबाडा सुटला होता. तिने माझ्या हातातलं अर्धं संत्रं घेतलं आणि तोंडात टाकलं.

परतीच्या गाडीत मी हळूच विचारलं, नेमकं झालं काय.

"तुमचा आवाज बंद झाला," ती म्हणाली. "मंग मले मागचीचे पाय ऐकू यायले लागले. तिचा दमसुद्धा. हात पडाच्या आधीच माहे पंजे जमिनीत रुतले होते. उठली नाई मी. फक्त तयार होती. हात लागला, आन् निघाली."

मी आयुष्यभर शिकवलेलं सगळं या चार-सहा वाक्यांत होतं. चपळ माणूस लवकर उठत नाही, तो आधीपासून जागा असतो. मला यावर बरंच बोलायचं होतं. पण मूर्तिजापूर यायच्या आत तिला झोप लागली आणि मी, प्रथमच, गप्प बसलो.

स्पर्धेच्या दिवशी ती गेली, मी घरी राहिलो. सासूबाई खास त्यासाठी आल्या होत्या. त्यांनी बाहेरून कडी वगैरे लावली नाही. फक्त दारात खुर्ची टाकून दिवसभर बसल्या.